स्वस्त दुर्बीण घ्यावी की पैसे साठेपर्यंत थांबावं?

टिटवी: पक्षी बघायला नव्याने येणाऱ्यांना हल्ली सगळे एकच सांगतात, "पाच हजारांची दुर्बीण घेऊ नका, पंचवीस हजार साठू द्या." मला हे अजिबात पटत नाही. माझी ८x४० (आठ पट वर्धन, पुढचं भिंग ४० मिमी) साधी पोरो प्रिझमची, म्हणजे बाकदार नळ्यांची आहे, साडेपाच हजारांची. सहा हिवाळे भिगवणला तीच गळ्यात असते. नावेतून पट्टकादंबाच्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे स्वच्छ दिसतात. पैसे साठवत बसलेल्याचे तेवढे हिवाळे गेले ते गेलेच ना?

सह्यकडा: टिटवीताई, पट्टकादंब मोठा पक्षी, तोही उघड्यावर, उन्हात. जूनच्या सुरुवातीला ताम्हिणीच्या झाडीत या. आभाळ भरलेलं, पानांखाली नवरंग पक्षी. माझ्या स्वस्त दुर्बिणीतून नुसती सावली दिसली. शेजारच्याने त्याची महागडी ८x४२ हातात दिली, तर शेपटीखालचा लाल रंग झळकला! शिवाय माझीत पहिल्याच पावसाळ्यात वाफ शिरली आणि दिवाळीला भिंगावर बुरशी. ते पैसे पाण्यातच गेले.

टिटवी: बुरशीचं दुःख कळतं. मी पावसात ती बाहेर काढतच नाही, घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत ठेवते. अजून एक डाग नाही. उजेडाचं म्हणाल तर भिंगाचा व्यास भागिले वर्धन, इतक्या मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल डोळ्याशी येतो. माझीत ५, त्या महागडीत ५.२५. म्हणजे फरक आकारात नाही, काचेत आणि लेपात आहे. तो आहे, मान्य. पण सरळ नळ्यांच्या रूफ प्रिझमला चांगल्या चित्रासाठी फेज कोटिंग नावाचा प्रिझमवरचा खास लेप लागतो, तो स्वस्तात बसत नाही. म्हणून कमी पैशांत पोरोच घ्यावी.

मृगशीर्ष: दोघांनीही झूमचं, म्हणजे वर्धन कमी-जास्त करता येणाऱ्या दुर्बिणीचं नाव घेतलं नाही! भाच्यासाठी जत्रेतून लाल भिंगांची '१०-३०x६०' आणली होती. पोरगं उत्साहाने गच्चीवर गेलं आणि म्हणालं, "मामा, चंद्र दोन दिसतात." दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या. घेताना लांबची विजेची तार बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. दोन्ही गोलांत तार एकाच उंचीवर राहिली पाहिजे. वर-खाली झाली तर तिथेच परत करा. माझी साधी १०x५० कठड्यावर टेकवली की गुरूचे चार चंद्र दिसतात, झूमची गरजच नाही.

सह्यकडा: तारेची चाचणी उत्तम, पण ती दुकानात. घरपोच मागवणाऱ्याने काय करायचं?

मृगशीर्ष: परत घेण्याची मुदत असेल तिथूनच मागवायची आणि पहिल्याच दिवशी तार बघायची.

सह्यकडा: ठीक. तरी जंगलात फिरणाऱ्याने थांबावं, हे माझं मत कायम. आणि ताई, चष्मेवाल्यांचं काय? तुमच्या पोरोत चष्म्यासकट मला चित्राच्या कडा कापलेल्या दिसतात.

टिटवी: तिथे मात्र तुमचं खरं. मला चष्मा नाही, म्हणून लक्षातच आलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी आधी डोळ्याला लावून बघावी, मगच पैसे द्यावेत.