चाइल्ड प्रोसेस बंद करताना आधी सांगावे, की थेट मारावे?

धागाकर्ता: आमच्या पायथन प्रोग्रॅममधून एफएफएमपेग हा व्हिडिओ हाताळणारा प्रोग्रॅम चाइल्ड प्रोसेस म्हणून (आपल्या प्रोग्रॅमने सुरू केलेला दुसरा प्रोग्रॅम) चालवून कॅमेऱ्याचे चित्रण साठवले जाते. ते थांबवण्यासाठी आम्ही पायथनची ‘टर्मिनेट’ ही आज्ञा वापरत होतो. लिनक्सवर फाइल नीट बंद होत असे, विंडोजवर मात्र एमपी४ फाइल उघडेचना. लिनक्सवर या नावाखाली सिगटर्म (‘आता थांब’ असे सांगणारा सिग्नल) जातो आणि तो एफएफएमपेगला पकडता येतो. विंडोजवर मात्र ‘टर्मिनेटप्रोसेस’ चालते आणि चाइल्डला आवराआवरीला क्षणही मिळत नसल्याने, सहसा शेवटी लिहिली जाणारी एमपी४ची अनुक्रमणिका राहूनच जाते. म्हणून माझे मत असे की, चाइल्डला कळेल अशा रीतीने आधी सांगावे (एफएफएमपेगला स्टँडर्ड इनपुटवर ‘क्यू’ हे अक्षर पुरते), मुदत द्यावी आणि मगच मारावे.

पहिला प्रतिसाद: मी असहमत आहे. वीज जाते तेव्हा कोणी सिगटर्म पाठवत नाही, आणि मेमरी संपल्यावर लिनक्सचे कर्नलही (प्रणालीचा गाभा) सिगकिलच, म्हणजे तत्काळ मारणारा सिग्नलच, वापरते. दोष मारण्याच्या पद्धतीचा नसून, शेवटच्या क्षणावर विसंबणाऱ्या फाइलचा आहे. तुकड्यातुकड्यांनी लिहिला जाणारा एमपी४ किंवा मात्रोस्का हा फाइलप्रकार वापरा आणि खुशाल मारा. रोज सौम्य मार्गच वापरला, तर अचानक बंद पडण्याची वाट कधी तपासलीच जात नाही.

दुसरा प्रतिसाद: फाइलपुरते हे पटते, पण चाइल्डच्या पोटी आणखी प्रोसेस असतील तर काय? सिगकिल पकडता येत नसल्याने चाइल्ड आपल्या पिल्लांना बंद करू शकत नाही. ती अनाथ होऊन चालूच राहतात आणि कॅमेरा अडकवून बसतात. मध्ये शेल (आज्ञा वाचून इतर प्रोग्रॅम सुरू करणारा प्रोग्रॅम) असेल तर मरतो तो शेल, खरे काम करणारा नव्हे. अशा वेळी चाइल्ड नव्या सेशनमध्ये सुरू करून सिग्नल संपूर्ण प्रोसेस ग्रुपला (चाइल्ड आणि त्याची पिल्ले यांच्या गटाला) द्यावा लागतो.

पहिला प्रतिसाद: ग्रुपचा मुद्दा मान्य, पण ग्रुपला सिगकिलही देता येतो. शिवाय मुदत किती द्यायची? प्रोग्रॅम चालवणारी-थांबवणारी साधने पाहा: वेगळे सांगितले नाही तर डॉकर १० सेकंद थांबतो, कुबरनेटिस ३०, सिस्टमडी ९०. हे सगळे अंदाजच, आणि अंदाज चुकला की शेवटी तेही मारतातच.

धागाकर्ता: अंदाज आहेत म्हणून मुदत निरुपयोगी ठरत नाही, बहुतेक वेळा चाइल्ड मुदतीच्या आतच संपतो. मात्र चाइल्ड संपेपर्यंत नुसते ‘वेट’ करून बसू नये. चाइल्डचे आउटपुट पाइपमधून (दोन प्रोसेसना जोडणारी, मर्यादित जागेची वाहिनी) येत असेल आणि ते कोणी वाचत नसेल, तर पाइप भरून चाइल्ड अडकतो आणि तो हट्टी आहे असे समजून आपण त्याला उगाच मारतो. ‘कम्युनिकेट’ला (आउटपुट वाचत चाइल्ड संपण्याची वाट पाहणारी पायथनची आज्ञा) टाइमआउट देऊन वाचत राहावे, आणि मारल्यावरही ते पुन्हा बोलवावे, अन्यथा लिनक्सवर झोंबी (संपूनही प्रणालीच्या यादीत नोंद राहिलेला प्रोसेस) उरतो.