सन्स ऑफ केमेट : दोन ड्रमसेट आणि एक ट्युबा, हे जमतं कसं?

आडताल
लंडनच्या सन्स ऑफ केमेट या जॅझ बँडचे चारही अल्बम ओळीने ऐकतोय. सॅक्सोफोन किंवा क्लॅरिनेट, ट्युबा (खालच्या स्वरांचं मोठं पितळी वाद्य) आणि दोन ड्रमसेट, बस. पियानो नाही, गिटार नाही, बेस नाही. कोणत्या अल्बमवर कोण आहे आणि ही मंडळी आली कुठून, हे कुणी नीट सांगेल का? नावं बदलत राहतात, गोंधळ होतो. दुसरं, याच वाद्यांवर आम्ही काही बसवतोय : टेनर सॅक्स, बी फ्लॅट ट्युबा आणि दोन सेट, दोन्हींचे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) २२ इंची. खालचा आवाज इतका गढूळ होतो की ट्युबाचा स्वरच कळत नाही.

समेवर
आधी माणसं. बँड २०११चा, उभा केला शबाका हचिंग्जने. जन्म १९८४, लंडन. वयाच्या सहा ते सोळा वर्षांपर्यंत मुक्काम बार्बाडोसला. नवव्या वर्षी क्लॅरिनेट हातात आली. एकीकडे पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण, दुसरीकडे कॅलिप्सोचे, म्हणजे कॅरिबियन लोकप्रिय गाण्यांचे बँड, आणि घरी रॅपच्या ओळींची लय क्लॅरिनेटवर काढायचा रियाझ. पुढे बर्मिंगहॅम, मग लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शास्त्रीय क्लॅरिनेट. हा रॅपचा रियाझ लक्षात ठेवलात की त्याचं सॅक्स उलगडतं. लांबच लांब सुरेल ओळी त्याच्याकडे कमी. दोन-तीन स्वर धरून ठेवतो आणि रॅपर जिथे शब्द तोडतो तिथे हा जिभेने स्वर तोडतो.

ट्युबावर पहिल्या 'बर्न'ला (२०१३) ओरेन मार्शल. २०१५च्या 'लेस्ट वी फर्गेट व्हॉट वी केम हिअर टू डू'पासून थिऑन क्रॉस. थिऑन दक्षिण लंडनचा, वडील जमैकाचे, आई सेंट लुशियाची. किनेटिका ब्लोको या कार्निव्हलच्या धर्तीवरच्या मुलांच्या बँडमधून आणि टुमॉरोज वॉरियर्समधून तो तयार झाला. टुमॉरोज वॉरियर्स ही गॅरी क्रॉस्बी आणि जॅनीन आयरन्स यांनी १९९१ साली सुरू केलेली संस्था. आजच्या लंडन जॅझमधल्या निम्म्या नावांचा माग काढला तर तिच्याच दारात पोचाल, इतकं मोठं काम आहे ते.

ड्रमवर पहिल्या दोन अल्बमना टॉम स्किनर आणि सेब रॉचफर्ड. सेब अ‍ॅबर्डीनचा, पोलर बेअर हा त्याचा स्वतःचा बँड. २०१८च्या 'युअर क्वीन इज अ रेप्टाइल'वर मात्र ड्रमवादक पाळीपाळीने बदलतात, मोझेस बॉइडही आहे. तुमचा गोंधळ बहुधा तिथेच होत असणार. २०२१च्या 'ब्लॅक टू द फ्यूचर'वर स्किनर आणि एडी हिक. २०२२मध्ये बँडने थांबत असल्याचं जाहीर केलं. स्किनर आता रेडिओहेडच्या थॉम यॉर्क आणि जॉनी ग्रीनवुडबरोबर द स्माइल या बँडमध्ये आहे.

२०१८चा अल्बम ऐकताना गाण्यांची नावं समोर ठेवाच. नऊ गाणी, नऊ कृष्णवर्णीय स्त्रिया : हॅरिएट टबमन, अँजेला डेव्हिस, डोरीन लॉरेन्स... आणि पहिलंच गाणं शबाकाच्या पणजीच्या नावाचं, एडा ईस्टमन. ब्रिटनच्या राणीऐवजी माझ्या राण्या या, असं ते थेट म्हणणं आहे.

मंद्रसप्तक
गढूळपणाचं कारण सरळ आहे. ट्युबाचा खालचा बी फ्लॅट साधारण ५८ हर्ट्झवर. २२ इंची किकचा गाभा ५० ते ८० हर्ट्झमध्ये. म्हणजे तीन वाद्यं एकाच खोलीत कोंबली आहेत. असं करा :

१. एका सेटचा किक बदलून १८ इंची घ्या, कातडं थोडं चढं लावा, आत उशी ठेवू नका. २२ इंचीत उशी घाला, म्हणजे ठोका लवकर विझेल.

२. मिक्सरवर १८ इंचीचा ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. ट्युबाचा २५०च्या आसपासचा भाग दोन-तीन डेसिबल उतरवा आणि ७०० ते १००० हर्ट्झमध्ये थोडा चढवा. कानाला ट्युबाचा स्वर खालून कळत नाही, त्याच्या वरच्या स्वरांशांवरून (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांवरून) कळतो.

३. ट्युबाचं तोंड वर असतं, त्यामुळे जवळच्या झांजा तिच्या मायकात सांडतात. ट्युबा राइड सिंबलपासून (ठेका धरणाऱ्या मोठ्या झांजेपासून) दूर बसवा आणि मायक भोंग्यावरच चिमट्याने लावा.

४. दोन ड्रमर दोन मीटरच्या आत, हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) समोरासमोर. आवाजाला चार मीटर जायला जवळपास १२ मिलिसेकंद लागतात, आठ मीटरला २३. एवढ्या अंतरावर दोघं कितीही पक्के असले तरी प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येतो.

पण यंत्रांनी निम्मंच सुटेल. खरी गोष्ट वाटणीची आहे. त्रिनिदादच्या स्टीलबँडमध्ये तालवाद्यांच्या तुकडीला 'इंजिन रूम' म्हणतात : गाडीच्या ब्रेकड्रमचं लोखंड, काँगा (हाताने वाजवायचे उंच ड्रम), स्क्रॅचर (घासून वाजवायचं वाद्य), ड्रमसेट. प्रत्येकाकडे एक छोटा तुकडा, आणि सगळे मिळून एक ठेका. सन्स ऑफ केमेटचे दोन ड्रमर त्या वाटेने जातात. तुमच्याकडे केरव्याच्या आठ मात्रा घ्या आणि तीन-तीन-दोन असे तोडा. ट्युबा १, ४ आणि ७ वर. पहिला ड्रमर फक्त १८ इंची किक आणि स्नेअरची (खरखरत्या आवाजाच्या छोट्या ड्रमची) कड, दुसरा टॉमवर (सेटमधल्या गोल आवाजाच्या ड्रमवर) ट्युबाने मोकळ्या सोडलेल्या मात्रा. दोघांनी एकाच वेळी स्नेअरचा बॅकबीट (चारातल्या दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरचा जोर) मारला की संपलं, मिरवणुकीचा रॉक होतो. तालीम आधी झांजांशिवाय करा. सोळा आवर्तनं झाली की कामं अदलाबदल. आणि भरणा (ठेक्याच्या शेवटी घेतलेला छोटा तुकडा) एका वेळी एकानेच घ्यायचा, हे आधीच ठरवून टाका.

पितळी
ट्युबाबद्दल थोडं, कारण लिहिणारे हमखास इथे चुकतात. बेस गिटारसाठी लिहिलेली ओळ ट्युबासमोर ठेवू नका. खालच्या सप्तकात जोरात वाजवलं की एक श्वास चार-पाच सेकंदांत संपतो. दर दोन आवर्तनांनी निदान एक मात्रा रिकामी लिहा आणि ड्रमरचा भरणा तिथेच बसवा. थिऑनच्या ओळी ऐका, रिकामी जागा तालाचाच भाग होऊन येते. जलद स्वरांना 'तु-कु, तु-कु' अशी दुहेरी जीभ लागते. ती अगदी खालच्या स्वरांवर चिकट होते, म्हणून असे तुकडे मधल्या सप्तकात ठेवा. वाजवता वाजवता घशातून दुसरा स्वर गायचा, हे थिऑनचं खास अंग. खाली बी फ्लॅट धरून त्याच्या वरचा एफ गुणगुणला की एकट्या ट्युबातून अनेक स्वरांचा खरखरीत गठ्ठा निघतो. सुरुवातीला स्वर डळमळतो. आधी नुसतं गाऊन घ्या, मग फुंका.

पियानो नसल्यामुळे आणखी एक : ट्युबा षड्जावर असताना सॅक्सने पंचमावर मुक्काम केला तर कोमल की शुद्ध गंधार ते कळतच नाही, गाणं पोकळ वाटतं. सॅक्सला गंधार द्या.

आणि वादक कोणत्या पद्धतीने वाचतो ते आधी विचारा. ब्रिटिश ब्रास बँडच्या वळणाचा असेल तर त्याला ट्रेबल क्लेफ (उंच स्वरांसाठीची लिपी) हवी, ऐकू येणाऱ्या स्वरापेक्षा दोन सप्तकं आणि एक पूर्ण सूर वर लिहिलेली. ऑर्केस्ट्राच्या वळणाचा असेल तर बास क्लेफ (खालच्या स्वरांसाठीची लिपी), जसं वाजतं तसं.

आडताल
१८ इंची किक मिळवतो. वाटणी कळण्यासाठी आधी कोणतं गाणं ऐकू?

मंद्रसप्तक
'बर्न'मधलं 'इनर बॅबिलॉन'. पहिल्यांदा फक्त ट्युबा धरा, दुसऱ्यांदा फक्त ड्रम, सॅक्स तिसऱ्यांदा. तुमच्या तालमीचं रेकॉर्डिंगही असंच तपासा : एक सेट पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. एकच बाजू ऐकून पूर्ण ठेका वाटला, तर तो ड्रमर जास्त वाजवतोय.