सामाईक विहिरीची पाळी निम्मी-निम्मी वाटूनही दोघांचे नुकसान होते. दुसरा मार्ग आहे का?

केळीबाग, यावल तालुका
आम्हा दोघा भावांची शेती शेजारी-शेजारी असून वाटणीत विहीर आणि मोटार सामाईक राहिली आहे. माझी केळी ठिबकवर आहे. थोरले बंधू अप्पा यांनी यंदा गहू पेरला आहे. कृषिपंपाची वीज आठ तास मिळते, तीही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. भाऊबंदांनी बसून एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा अशी पाळी लावून दिली. ऐकायला ती न्यायाची वाटते. परंतु माझ्या हलक्या जमिनीतील बागेला एका दिवसाचाही खंड मानवत नाही, आणि अप्पांच्या गव्हाचे शेवटचे चार सारे (लांबट वाफे) दर वेळी कोरडे राहतात. मी रोज चार तास मागितले, तेव्हा अप्पा म्हणाले, “मग मी गहू पेरायचाच नाही का?” तेव्हापासून आमचे बोलणे कामापुरतेच राहिले आहे, आणि त्याचे मला बागेपेक्षा अधिक दुःख आहे.

निवृत्त कृषी सहायक, अमळनेर
आपण तास वाटले, पण ते तास कोणाला कशासाठी हवे आहेत हे विचारले नाही. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकी विदुषींनी 1925 मधील एका व्याख्यानात दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थेचे उदाहरण दिले होते. उतारावरच्या केंद्रात कॅन आधी कोणी उतरवायचे, यावरून टेकडी उतरून येणारे आणि चढून येणारे यांच्यात एवढे बिनसले की संस्था फुटायच्या बेतात आली. अखेर पाळी लावण्याऐवजी फलाटाचीच जागा बदलण्याची तोड निघाली, म्हणजे दोन्हीकडच्यांना एकाच वेळी कॅन उतरवता येतील. तडजोडीत दोघेही थोडे-थोडे सोडतात. येथे कोणालाच काही सोडावे लागले नाही.

आपल्याकडे पाहा. गव्हाला रोज पाणी लागत नाही. मुकुटमुळे, म्हणजे खोडाच्या बुडाची मुळे, फुटताना (पेरणीनंतर 18 ते 21 दिवस), कांडी धरताना (40 ते 45), फुलोऱ्यात (60 ते 65) आणि दाणे भरताना (80 ते 85) पाणी चुकता कामा नये. मग मधल्या दिवसांची पाळी अप्पा का धरून ठेवतात, हे त्यांनाच विचारा. मात्र विचारताना स्वतःची मागणी पुढे करू नका.

रावेरची शेतकरी
दादा, विचारल्याने काय होते ते मी मागच्या कापणीला पाहिले. व्यापारी क्विंटलमागे 100 रुपये कमी देत होता आणि 50 वर तोडू म्हणत होता. मी कारण विचारले, तेव्हा कळले की माझ्या एकटीच्या मालाने त्याची गाडी भरत नव्हती आणि मजुरांचा खर्च अंगावर पडत होता. शेजारच्या दोन बागांची कापणी त्याच दिवशी धरली, गाडी भरली आणि मला पूर्ण भाव मिळाला. 50 वर ‘हो’ म्हटले असते, तर हे कारण मला कधीच कळले नसते.

शिरपूरकर
सगळेच वाद असे सुटत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. बांध कोरला गेला असेल तर मोजणीच करावी लागते. तुमच्याकडे मात्र जागा दिसते. जे ठरेल ते वहिनींसमोर ठरवा आणि लिहून ठेवा.

केळीबाग, यावल तालुका
काल अप्पांना विचारले. बिबट्याच्या भीतीने ते रात्री दारे धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला, जातच नाहीत, म्हणून ते चार सारे कोरडे राहतात. आणि एकदा सोडलेली पाळी परत मिळणार नाही या धास्तीने ते मधले दिवसही सोडत नव्हते. मला तर ठिबकसाठी रात्री शेतात थांबावेच लागत नाही. सायंकाळी व्हॉल्व्ह फिरवून ठेवला की ऑटो स्टार्टरवर मोटार आपोआप सुरू होते. त्यामुळे रात्रीच्या विजेचा आठवडा सगळा माझा, दिवसाच्या आठवड्यात सकाळचे दोन तास माझे आणि उरलेले सहा अप्पांचे, असे वहिनींसमोर वहीत लिहिले. गव्हाला पाणी नको असेल त्या दिवशी अप्पा मला आदल्या सायंकाळीच कळवणार आहेत. एकच अडचण राहते: गव्हाची कांडी धरण्याची वेळ रात्रीच्या आठवड्यात येत आहे. पाणी दोन दिवस आधी दिले तर चालेल का, हे कृषी सहायक साहेबांनी कृपया सांगावे.