आधी सातबारा काढा, मग राजीनामा द्या

'गावी घर आहे, जमीन आहे, मग परत जायला अडतंय कुठे?' शहरातली नोकरी सोडून गावी परतावं, मुळांशी नातं जोडावं असं म्हणणाऱ्यांचा हा प्रश्न मनापासून पटला. पण कोकणात तरी अडतं ते बऱ्याचदा कागदावर. आमच्या रत्नागिरीकडच्या सातबाऱ्यावर परवापर्यंत आजोबांच्या थोरल्या भावाचं एकट्याचं नाव होतं, पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचं, हक्क मात्र सगळ्या भावांचा आणि त्यांच्या वारसांचा. फळबागेचं अनुदान घ्यायचं तर सामायिक खातेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि ते खातेदार पांगलेत मुंबई, पुणे, बडोद्यात!

तेव्हा आधी तलाठ्याकडे वारस नोंद करा, मग सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घ्या. आत्या-बहिणींना धरूनच. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि माहेरच्या मायेवर हक्कसोडपत्राची सही मिळवायची रीत मला अजिबात मान्य नाही. वारसांसाठी वंशावळ लिहायला बसलो तेव्हा पणजीचं नाव मला पहिल्यांदा कळलं, आत्याने सांगितलं म्हणून. मुळांशी नातं जोडायचं म्हणता ना, ते असंही जुळतं. आणि हे सगळं घरातली जुनी माणसं हयात आहेत तोवर उरका. कातळावरचा कुठला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कुणाचा, हे नकाशापेक्षा त्यांनाच जास्त नेमकं ठाऊक असतं.