चर्चा: जुन्या गाडीतून लांबचा पल्ला, शेजारी टीव्हीवरचा कोण हवा?

घाटवाट

लंडन ते एडिनबरा, साधारण साडेसहाशे किलोमीटर. गाडी १९७० ची एमजीबी, वरून उघडी, दोन सीटची. शेजारच्या सीटवर गाड्यांच्या कार्यक्रमांतला एकच निवेदक बसवायचा. कोण?

माझं उत्तर एड चायना. 'व्हीलर डीलर्स' २००३ साली सुरू झालं. माइक ब्रुअर जुनी गाडी विकत घेऊन यायचा आणि नारिंगी हातमोजे घातलेला एड ती खोलायचा. त्याचं वेगळेपण असं की पाना लावायच्या आधी तो सांगतो हा भाग काय करतो, मग का बिघडला, मग दुरुस्ती. हा क्रम तो सोडत नाही. २०१७ साली त्याने कार्यक्रम सोडला, कारण निर्मात्यांना वर्कशॉपमधलं तपशीलवार काम कमी करायचं होतं. समजावून सांगण्यासाठी चालता कार्यक्रम सोडणारा माणूस मला सोबतीला हवा.

आणि ही गाडी वाटेत थांबणार हे धरूनच निघायचं. एमजीबीचा एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो. चावी फिरवली की तो टिक-टिक वाजतो आणि कार्ब्युरेटर भरले की गप्प होतो. सुरुवातीपासूनच गप्प असेल तर आतले पॉइंट काळे पडलेत किंवा अर्थिंग सुटलंय. थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे, पाइप हवा ओढतोय किंवा पेट्रोल कुठेतरी सांडतंय. गप्प पंपावर स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकलं की तो बहुतेक वेळा चालू होतो. पण का चालू झाला आणि पुढच्या पन्नास किलोमीटरात पुन्हा का बंद पडेल, हे त्या क्षणी सांगणारा शेजारी असेल तर प्रवासाला अर्थ आहे.

मंदगती

घाटवाट, तुम्ही मेकॅनिक निवडलात, सोबती नाही. हिशोब बघा. साडेसहाशे किलोमीटर म्हणजे जेवणखाण धरून नऊ-दहा तास. त्यात पंपापाशी जाईल अर्धा तास. उरलेले नऊ तास गाडी चालू असणार, आणि सोबत लागते ती तेव्हा.

माझं मत जेम्स मे, बीबीसीच्या 'टॉप गिअर' या गाड्यांच्या कार्यक्रमातल्या तीन निवेदकांपैकी एक. संगीत शिकलेला, पियानो वाजवणारा माणूस. 'ऑटोकार' साप्ताहिकातली त्याची नोकरी १९९२ मध्ये गेली ती वार्षिक अंकातल्या परीक्षणांच्या आद्याक्षरांत त्याने एक गुप्त मजकूर गुंफला म्हणून. कंटाळवाण्या कामातही ज्याला असा खेळ सुचतो त्याच्याशी नऊ तास बोलायला विषय कमी पडणार नाहीत.

हत्यारांचं म्हणाल तर २०१६ चा 'द रीअसेम्बलर' बघा. टेबलावर गवत कापायच्या जुन्या यंत्राचे ३३१ सुटे भाग मांडलेले, आणि हा एकटा ते एकेक करून जोडतो. मध्येच थांबून स्क्रूच्या आट्यांबद्दल बोलतो, चहा घेतो. त्याला कॅप्टन स्लो म्हणतात, पण बुगाटी व्हेरॉन ताशी ४०७ किलोमीटरवर नेणाराही हाच. घाई कधी करायची आणि कधी नाही हे कळणं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

चौथा गिअर

दोघांनीही एक गोष्ट धरलीच नाही. एमजीबीत ऐकू काय येणार?

कापडी छत, ताशी ११० चा वेग, चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला जवळपास ३,९०० फेऱ्यांवर. छताच्या कडांतून वारा शिट्टी घालतो. मे हळू, विचार करत, वाक्य अर्धवट सोडत बोलतो. त्याचं अर्धं बोलणं वाऱ्यात जाईल. 'टॉप गिअर'मधल्याच जेरेमी क्लार्कसनचा आवाज पोचेल, प्रत्येक शब्द पोचेल. शिवाय त्याला प्रत्येक गोष्टीवर ठाम मत असतं आणि समोरच्याने वाद घातला तर त्याला आवडतं. लंडन-एडिनबरा जोडणाऱ्या सरळ, एकसुरी ए-वन रस्त्यावर रात्री जागं ठेवायला याहून चांगलं काही नाही. त्याच्या शेतीवरच्या मालिकेत एक गोष्ट नव्याने दिसली, की आपल्याहून जाणकार माणूस चूक काढतो तेव्हा तो ती ऐकून घेतो. गाडीच्या कार्यक्रमांत हे फारसं दिसलं नव्हतं.

मे हवाच असेल तर गाडी ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) असलेली घ्या. त्याच वेगाला फेऱ्या ३,१५० च्या आसपास येतात आणि गप्पा शक्य होतात. पण ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सचंच तेल वापरतो. तेलाची पातळी उतरली की तो लागत नाही किंवा लागून सुटतो. निघायच्या आधी पातळी बघा आणि भरायचं ते साधं २०-डब्ल्यू-५० इंजिन ऑइल. जाड गिअर ऑइल ओतलं तर आतल्या झडपांना ते चालत नाही.

कॉव्हेंट्रीकर

क्लार्कसन आणि मे दोघांनाही माझा विरोध आहे, आणि कारण अगदी साधं आहे. 'टॉप गिअर'च्या लांबच्या प्रवासांत नियमच होता की एकाची गाडी बंद पडली तर बाकीचे दोघे त्याला टाकून पुढे जातात. वर्षानुवर्षं तेच. पडद्यावर मजा येते, पण आपण इथे सोबतच निवडतोय ना? मग बंद पडलेल्या गाडीपाशी थांबणं ही पहिली अट हवी.

२०११ चा भारतातला भाग आठवा. जग्वार, मिनी आणि रोल्स-रॉइस घेऊन तिघे मुंबईत उतरले आणि गाड्यांतून जेवणाचे डबे पोचवायला निघाले. लोकलने जाणाऱ्या डबेवाल्यांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. डबेवाल्यांचं काम चालतं ते टोळीने. एकजण गोळा करतो, दुसरा स्टेशनवर वाटणी करतो, तिसरा नेऊन देतो. जो तो आपापल्या गाडीत आणि दुसऱ्याची अडचण हा आपला फायदा, अशा रीतीने डबा वेळेवर पोचत नाही. त्याच भागात जग्वारच्या डिकीवर संडास बसवून ती वस्तीतून फिरवली आणि लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तक्रार केली. परक्या गावात सोबत्याचं वागणं आपल्यालाही चिकटतं. हे मी हलकं मानत नाही.

मला फझ टाउनशेंड हवा. 'कार एसओएस' २०१३ पासून चालू आहे. फझ आधी पॉप विल ईट इटसेल्फ या बँडचा ड्रमर होता. त्या कार्यक्रमात आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे ज्यांची गाडी अर्धवट राहिली, त्यांची ती गुपचूप नेऊन पूर्ण करून देतात. फझ गंजलेला पत्रा कापतो तेव्हा किती कापायचं हे बोटाने दाबून, टोचून ठरवतो. वरचा रंग चांगला दिसला म्हणून थांबत नाही. इंजिनाचा आवाज ऐकून कुठल्या सिलिंडरचा ठोका चुकतोय हे ओळखायला तालाचा कान लागतो, आणि तो त्याच्याकडे आहे.

मंदगती

कॉव्हेंट्रीकर, टाकून जायचा नियम कार्यक्रमाचा होता, माणसांचा नव्हे. एकट्याच्या मालिकांत मे कसा वागतो ते बघा. २०२० मध्ये जपानात उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना, २०२४ मध्ये भारतात, वाटेत भेटलेल्याला तो आधी विचारतो, मग बोलतो. संडासाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. त्याचा बचाव करणार नाही.

आणि गाडीची निवड बघा. व्हिएतनाममध्ये २००८ साली तिघांना दुचाक्या घ्यायच्या होत्या. मेने होंडा सुपर कब घेतली. त्या देशात कुठल्याही गावात तिचे सुटे भाग मिळतात आणि कोणीही ती उघडू शकतो. निघायच्या आधीच असा विचार करणारा सोबती असला तर रस्त्यात थांबायची वेळ निम्म्याने कमी होते.

फिलरगेज

'टॉप गिअर'च्या तिघांतला तिसरा कोणालाच आठवत नाही याचं वाईट वाटतं. रिचर्ड हॅमंड. २००७ चा बोत्स्वानाचा प्रवास. क्लार्कसनची लॅन्शिया, मेची मर्सिडीज, हॅमंडची १९६३ ची ओपेल कॅडेट, जिला त्याने ऑलिव्हर नाव दिलं. मिठाच्या पठारावर बाकी दोघांनी वजन कमी करायला दरवाजे, काचा काढून टाकल्या. ऑलिव्हर मुळातच हलकी, तिचं काही काढावं लागलं नाही. पुढे ती नदीत बुडाली. हॅमंड रात्रभर तिच्यापाशी राहिला, ती सकाळी चालू झाली, आणि नंतर त्याने ती इंग्लंडला नेऊन स्वतःजवळ ठेवली. गाडीवर असा जीव लावणारा माणूस शेजारी असेल तर तुमच्या गाडीलाही तो टाकणार नाही.

बुडालेल्या गाडीचं सांगतो, कारण इथेच बहुतेक जण इंजिन घालवतात. बाहेर काढल्यावर स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे प्लग काढायचे, मग इंजिन फिरवायचं. भोकांतून पाण्याचे फवारे उडतात ते संपेपर्यंत. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर ते ओतून नवीन भरायचं, थोडं चालवून पुन्हा बदलायचं. डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून पुसायची, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करायची, टाकीतलं तळाचं पाणी काढायचं. चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस सगळे विसरतात आणि पुढच्या आठवड्यात चाक ओरडायला लागतं.

कॉव्हेंट्रीकर

फिलरगेज, ऑलिव्हर त्या रात्री एकट्या हॅमंडने उभी केली नाही, चित्रीकरणाच्या पथकाचे हात होते. पण तो थांबला, हे खरं. माझ्या अटीत तो बसतो, म्हणून त्याला दुसरा नंबर.

चौथा गिअर

अमेरिकेतला निवेदक आणि जुन्या गाड्यांचा संग्राहक जे लेनो, त्याचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून घेतो. कॅलिफोर्नियातल्या बर्बँकच्या त्याच्या गॅरेजमधल्या कुठल्याही गाडीचा कारखाना, सन, कोणी बनवली, का बुडाली, सगळं तोंडपाठ. पण तो माणूस स्वतः चालवतो आणि स्वतःच बोलतो. शेजारच्याने ऐकायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हाइट कंपनीच्या १९०७ च्या वाफेवर चालणाऱ्या गाडीखाली तुंबलेली पेट्रोलची नळी साफ करताना पेट्रोल तोंडावर उडालं आणि बर्नर पेटवायला सतत जळत ठेवलेल्या पायलट ज्योतीने पेट घेतला. शेजारी मित्र होता म्हणून वाचला. तेव्हा पेट्रोलच्या कामाला दुसरा माणूस हवाच, आधी बॅटरीची तार काढलेली हवी आणि जवळपास ज्योत नको. घाटवाट, तुमचा पंप खोलतानासुद्धा.

घाटवाट

मान्य. त्यात एक भर घालतो, कारण बॅटरीची तार या गाडीत भल्याभल्यांना सापडत नाही. १९७० च्या एमजीबीत बारा व्होल्टची एक बॅटरी नसते. सीटच्या मागे, गालिच्याखालच्या झाकणात सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात, एकामागे एक जोडलेल्या. एक मेली की गाडी मेली, आणि माणूस डायनॅमो-अल्टरनेटर तपासत बसतो. मीटर आधी प्रत्येकीवर वेगळा लावायचा, शांत असताना ६.३ व्होल्टच्या जवळ हवा. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून चालू करायची तर तारा दोन्हींच्या बाहेरच्या टोकांना, मधल्या जोडाला नाही. आणि इंजिन चालू असताना तार काढून 'अल्टरनेटर चार्ज करतो का' बघायची जुनी सवय सोडा, त्याने अल्टरनेटरचे डायोड जातात.

मंदगती, नऊ तासांचा तुमचा हिशोब मी दोनदा वाचला. खोटा नाही. पण अर्धा तास थांबल्यावर पुढचे तास कसे जातात हे त्या अर्ध्या तासावर ठरतं. कारण कळलं असेल तर माणूस निर्धास्त गप्पा मारतो. नुसतं ठोकून चालू केली असेल तर पुढे एडिनबरापर्यंत दोघेही मागचा आवाज ऐकत बसतात. म्हणून अजूनही एडच.

मंदगती

ठीक, पण एडची उंची ६ फूट ७ इंच आहे. बसवणार कसा? काचेची वरची चौकट बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येईल आणि पाऊस लागून छत चढवलं तर डोकं कापडाला टेकेल. मे व्यवस्थित मावतो.

घाटवाट

सीटच्या रुळांखाली लाकडी पट्ट्या असतात. त्या काढल्या की सीट साधारण इंचभर खाली जाते. मग जुने बोल्ट लांब पडतात आणि फरशीखाली बाहेर येतात, म्हणून तेवढेच आखूड घ्यायचे. सीट रुळांवर शेवटपर्यंत मागे सरकवायची, गादीचा फोम नवा असेल तर पातळ करायचा. छत न चढवता निघायचं, पावसासाठी दोघांना टोप्या. ताशी एकशे चाळीसच्या वेगाने स्वतः बनवलेल्या, इंजिनावर धावणाऱ्या सोफ्यावर बसून १९९८ साली विक्रम करणारा माणूस आहे, वाऱ्याला तो घाबरणार नाही.