कुठला सचिन?

खानापूरकर: काल टिळकवाडीत मामांकडं जेवताना पैज लागली ओ, पाव किलो कुंद्याची. मामा म्हणत्यात, 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' (2009) मधला दिनकर भोसले आणि 'कट्यार काळजात घुसली' (2015) मधले खाँसाहेब, दोघं एकच सचिन. मी म्हटलं, शक्यच नाही. मिठाईचं दुकान बंद व्हायच्या आत सांगा की!

शहापूरची वैनी: मामा हरले. दिनकर म्हणजे खेडेकर, खाँसाहेब पिळगांवकर. पिळगांवकर तर 1963 च्या 'हा माझा मार्ग एकला'पासून पडद्यावर, तेव्हा चड्डीतलं पोर होते. 'अशी ही बनवाबनवी'चं (1988) दिग्दर्शनही त्यांचंच.

निपाणीचा बापू: खेडेकरांनी श्याम बेनेगलांच्या चित्रपटात नेताजी केले. मला मात्र 'काकस्पर्श'मधला (2012) हरिदादाच जास्त आवडतो. न बोलता किती बोलतो तो माणूस! आणि मामांना लई हसू नका. 'नदिया के पार'च्या (1982) काळात हिंदीत पिळगांवकरांचं नाव नुसतं 'सचिन' एवढंच यायचं, आडनावाचा पत्ताच नाही. घोळ तिथनंच सुरू झाला असणार.

खानापूरकर: वाचून दाखवलं. मामा आता म्हणत्यात, पैज छटाकभर कुंद्याचीच होती.