भाकरी वाटतानाचे फोटो टाकावेत का?

भाकरवाली_नगर
जय ख्रिस्त. मी नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेवर बसत नाही). गेली चार वर्षं रविवारची उपासना झाली की आम्ही तिघी-चौघी दवाखान्याच्या फाटकाशी पिठलं-भाकरी वाटतो. पेशंटला आत जेवण मिळतं. पाथर्डी-शेवगावकडून त्याच्यासोबत आलेली माणसं मात्र बाहेर वडापाववर दिवस काढतात. पन्नासेक भाकरी, पातेलंभर पिठलं, वर ठेचा. पिठलं संपलं तर चालतं, ठेचा संपला की लोक नाराज.

आता आमच्या तरुण संघाला याचे फोटो फेसबुकवर टाकायचेत. पोरं म्हणतात, बायबलात मत्तय ५:१६, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. मी म्हटलं, अरे पुढचं पान उलट, ६:३ मध्ये उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नको म्हटलंय. चर्चचे पाळकसाहेब "दोन्ही प्रभूचेच शब्द" म्हणाले आणि चहाला गेले.

त्यात मागच्या महिन्यात एका आजोबांनी भाकरी हातात घेऊन विचारलं, "बाई, याच्या बदल्यात काय? धर्म बदलायचा का?" मी म्हटलं, "ताटली परत द्यायची." ते हसले, मीही हसले. रात्री झोप लागली नाही. फोटो टाकले तर हेच शंभर जण विचारतील. काय करू?

वसईकर
ताई, पोरांना ५:१६ शेवटपर्यंत वाचायला सांगा. लोकांनी गौरव करायचं ते पित्याचं. सहाव्या अध्यायात बोलणी बसलीत ती दान देताना पुढे कर्णा वाजवणाऱ्यांना. आणि दिव्याच्या आधी, ५:१३ ला, "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात" असं आहे. मीठ कुणाच्या फोटोत येतं?

केडगावचा_नातू
(दौंडजवळचं केडगाव, तुमच्या नगरचं नव्हे.) मी पोरांच्या बाजूने. पंडिता रमाबाई १८८६ ला अमेरिकेत गेल्या, सभा घेतल्या, पुस्तक लिहिलं, बालविधवांचे हाल लोकांना सांगितले. त्यातून पैसा उभा राहिला, म्हणून १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं. पुढे दुष्काळात किती मुली आमच्या केडगावी बाईंच्या आश्रयाला आल्या! बाई गप्प बसल्या असत्या तर? पिठाचे पैसे तुम्ही किती दिवस पदरचे घालणार?

रांगेतला
मी ख्रिस्ती नाही, इथे नुसता वाचायला येतो. २०१९ ला वडील ॲडमिट होते, परक्या शहरात. एका संस्थेने खिचडी वाटली. डबा हातात देताना म्हणाले, "इकडे बघा." तो फोटो फिरत फिरत गावी चुलत्यांच्या मोबाईलवर. घरी चौदा एकर ऊस आहे हो आमचा; त्या दिवशी एटीएम बंद होतं, एवढंच. पुढे बहिणीच्या सोयरिकीत पाहुण्यांनी तोच फोटो काढून दाखवला. खिचडी चांगली होती, तेही सांगतो.

भाकरवाली_नगर
दादा, तुमचं दोनदा वाचलं. पोरांनाही वाचून दाखवलं. माणसांचा फोटो काढायचा नाही. हवा तर पातेल्याचा काढा म्हटलं. रमाबाईंचं पटलं, म्हणून ज्वारी, बेसन, तेलाचा हिशेब दर महिन्याला उपासनेनंतर वाचणार, ज्याला द्यायचं तो देईल. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर अजून ताटलीच आहे. पोरं जरा हिरमुसली. त्यांना ठेचा कुटायला बसवलंय.

केडगावचा_नातू
ज्वारीचं अर्धं पोतं माझ्याकडून. थंडीत बाजरी चालेल का?

भाकरवाली_नगर
पळेल! पण थापायला माणूसही पाठवा, बाजरीची भाकरी पोरांच्या हातून तुटते.